एक आळी पूर्ण करा: पेठेतल्या मांजरांची काळजी घ्यायला सुरुवात करताना

तांबट आळीत दिवसभर तांब्यावर ठोके पडत असतात. नवखा माणूस दोन मिनिटांत कानावर हात ठेवतो. तिथेच एका कारखान्याच्या उंबऱ्याशी, भट्टीच्या उबेला, एक तिरंगी मांजर गाढ झोपलेली असते. ठोके सुरू असेपर्यंत ती हलत नाही. हातोडी थांबली की डोळे उघडते, कारण हातोडी थांबली म्हणजे आता डबा उघडणार, हे तिला पाठ आहे. पेठेतली बहुतेक मांजरं अशीच. मालक कुणी नाही, पण आळीच्या दिनक्रमाला ती घट्ट बांधलेली असतात. त्यांना ‘भटकी’ म्हणतात ते मला पटत नाही. ती कुठे भटकत नाहीत, वर्षानुवर्षं एकाच बोळात काढतात.

मी पुण्याच्या कसबा पेठेत राहते. गेली नऊ वर्षं आमच्या आळीतली आणि शेजारच्या दोन बोळांतली मांजरं बघते. दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं, “ताई, आमच्या वाड्यातही मांजरं फार झालीत, सुरुवात कुठून करू?” तोवर बहुतेकांनी खायला घालायला सुरुवात केलेली असते, आणि गाडं तिथेच अडलेलं असतं. नसबंदी न करता नुसतं खायला घातलं की पाचाची पंधरा होतात, शेजारी वैतागतात, आणि एका रात्री कुणीतरी मांजरं पोत्यात भरून लांब सोडून येतं. म्हणून क्रम पाळा: आधी मोजणी, मग माणसं, मग खाणं, मग नसबंदी. आणि पहिल्या दिवसापासून मनाशी ठरवा की दहा आळ्यांतली दोन-दोन मांजरं करायची नाहीत, एकच आळी घ्यायची आणि तिच्यातल्या शेवटच्या मांजराची नसबंदी होईपर्यंत सोडायची नाही.

पहिली पायरी: वही

दोनशे पानी वही घ्या. फोटो मोबाइलवर काढा, पण नोंदी वहीतच ठेवा, कारण ही वही पुढे चार जणांच्या हातात जाणार आहे. पहिले दोन आठवडे फक्त बघायचं. वेळा दोन: पहाटे दूधवाला येतो तेव्हा, आणि रात्री दुकानं मिटल्यावर, साडेनऊनंतर. दुपारी मोजायला गेलात तर निम्मी सुटतील. तेव्हा ती माळ्यावर, कौलांखाली, बंद दुकानाच्या फळ्यांमागे झोपलेली असतात. मान वर करून चालायची सवय लावा. पेठेतली मांजरं रस्त्यापेक्षा पत्र्यांवरून आणि भिंतींच्या माथ्यावरून जास्त ये-जा करतात.

नावांवरून मोजू नका. आमच्याकडच्या एकाच काळ्या मांजरीला माडीवरच्या आजी ‘बायडी’ म्हणायच्या, इस्त्रीवाले ‘सुंदरी’ म्हणायचे आणि शाळेतली पोरं ‘पँथर’ म्हणायची. पहिल्या मोजणीत मी तिला तीनदा लिहिलं होतं. खुणा लिहा: मागच्या डाव्या पायात पांढरा मोजा, शेपटीच्या टोकाला गाठ, उजवा कान फाटका.

नर-मादी ओळखायच्या काही सोप्या खुणा आहेत. काळा, केशरी आणि पांढरा असे तीन रंग एका अंगावर दिसले तर ती जवळजवळ नेहमीच भाटी, म्हणजे मादी, असते. केशरी मांजर बहुधा बोका असतो, पण पाचातली एखादी भाटी निघते, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. गाल फुगलेले, मान जाड, अंगावर मारामारीच्या खुणा: नसबंदी न झालेला वयात आलेला बोका. पिल्लांची शेपटी उचलून बघा. दोन टिंबांत अंतर असेल तर बोका, टिंबाखाली लगेच उभी रेघ असेल तर भाटी. एखादी अंगाने रोड, पण स्तन ओघळलेले आणि भोवतालचे केस झिजलेले दिसले, तर जवळपास कुठेतरी तिची पिल्लं आहेत. ही नोंद सगळ्यात महत्त्वाची, तारखेसकट करा.

डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर त्या मांजराची नसबंदी आधीच झालेली आहे. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, हा कात्रीने कापल्यासारखा सपाट दिसतो.

दुसरी पायरी: माणसं

मांजरांइतकीच माणसांची यादी करा. कोण काय घालतं, किती वाजता, कुठे. आमच्या आळीत मी धरून पाच जण घालत होतो आणि एकमेकांना पत्ता नव्हता. पहिल्या माडीवरच्या आजी रोज दुपारी पितळी वाटी दोरीला बांधून खाली सोडायच्या. वाटीत दूधभात. वाटी जमिनीला टेकल्याचा ‘ठण्’ आवाज झाला की चौकाच्या चारही कोपऱ्यांतून मांजरं निघायची. सकाळी मासेवाल्या मावशी डोकी टाकायच्या, संध्याकाळी शाळेतून येणारी मुलं बिस्किटं, रात्री वडापावच्या गाडीवरून उरलंसुरलं. म्हणजे दिवसभर कुठे ना कुठे ताटली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बिचारी आपल्याच आशेवर आहेत.

तक्रार करणाऱ्यांकडे मात्र आधी जा. समोरच्या काकांच्या स्कूटरची सीट तीनदा फाडली गेली होती आणि जिन्यात बोक्यांच्या मुताचा वास इतका की पाहुण्यांसमोर त्यांना लाज वाटायची. पहिली दोन वर्षं मी त्यांच्याशी भांडत राहिले. नंतर एकदा नीट बसून ऐकलं तेव्हा कळलं की त्यांचा एकही शब्द खोटा नव्हता.

“काका, सीटचं नुकसान झालंय ते खरं आहे. गाडीवर घालायचं जाड आच्छादन आम्ही आणून देतो. जिन्यातला वास बोक्यांची नसबंदी झाली की बराच कमी होईल. तीन महिने द्या.”

“तीन महिने देतो. पण वास गेला नाही तर मग माझ्याकडे येऊ नकोस.”

वास अडीच महिन्यांत जवळजवळ गेला. बोका आपली हद्द दाखवायला उभ्या भिंतीवर पिचकारी मारतो, आणि नसबंदीनंतर बहुतेक बोके हे थांबवतात. आता मांजरं पकडायचा आमचा पिंजरा त्याच काकांच्या पडवीत असतो.

जुन्या माणसांशी बोलताना घाई करू नका. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही समजूत आपल्याकडे मुरलेली आहे आणि तिने कित्येक मांजरं वाचवली आहेत. पण त्याच भावनेतून काहींना नसबंदीही पापच वाटते. आजींना मी एवढंच विचारलं, “आजी, गेल्या आषाढात धान्याच्या बळदात पाच पिल्लं होती. किती उरली?” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एक. ती पण लंगडी.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला पहिल्या शस्त्रक्रियेचे पैसे दिले.

कायदा माहीत असावा, पण तो बोलण्याच्या सुरुवातीला काढू नये. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मांजरांनाही लागू आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत वस्तीतल्या प्राण्यांना खायला घालायची जागा आणि वेळ रहिवाशांच्या संघटनेने ठरवून द्यावी, आणि ती जिने, प्रवेशद्वारं व मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर असावी, अशी तरतूद आहे. ती दोन्ही बाजूंना बांधते. आपणही जिन्यात ताटली ठेवायची नाही.

तिसरी पायरी: खाणं, घड्याळ लावून

एक जागा, दोन वेळा, अर्धा तास. अर्ध्या तासानंतर ताटली उचलायची, मग कुणी आलं असो वा नसो. चार-पाच दिवसांत सगळ्या मांजरांना वेळ कळते. याचा खरा फायदा पुढे होतो, कारण वेळेवर येणारं मांजरच पिंजऱ्यात येतं. शिवाय उघडं अन्न राहिलं नाही की उंदीर, घुशी आणि झुरळंही जमत नाहीत, आणि शेजाऱ्यांचा निम्मा राग तिथेच उतरतो.

जागा निवडताना कुणाच्या खिडकीखाली, दुकानाच्या पायरीवर किंवा वाहनं वळतात तिथे नको. वाड्याच्या मागच्या परसात, बंद हौदाच्या कडेला, जोत्याच्या आडोशाला बघा. मुंग्यांसाठी ताटलीखाली पाण्याने भरलेली परात ठेवा. पावसाळ्यात दोन विटांवर एक पत्रा पुरतो.

काय घालावं? मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं कॅट फूड पुरतं. घरचं करायचं असेल तर बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा मासा जास्त आणि भात थोडा. कांदा-लसूण अजिबात नको, तो मांजरांच्या रक्ताला घातक असतो. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून डोकी-शेपट्या स्वस्तात मिळतात, पण त्या उकडून द्या. रोज कच्चा मासा दिला तर काही जातींच्या माशांमुळे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं. सुके बोंबील खारट असतात, भिजवून पाणी टाकून मग वापरा. आणि दूध. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, हगवण लागते. आजींना दूध बंद करायला सांगताना मला जड गेलं, म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. वाटी तीच, दोरी तीच, वेळ ठरलेली संध्याकाळची, आत उकडलेलं चिकन. ते शिजवायचं काम माझ्याकडे, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात ते चालत नाही. मी डबा खाली चौकात उघडते, वाटी भरते, आणि त्या वरून दोरी धरून बसतात.

पाणी मातीच्या पसरट भांड्यात, खाण्यापासून चार पावलं लांब. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा बदला. जुने उघडे हौद असतील तर आत तिरकी फळी टाकून ठेवा. पडलेलं पिल्लू गुळगुळीत दगडावर चढू शकत नाही.

मांजरांच्या विष्ठेची तक्रार येणारच. परसाच्या एका कोपऱ्यात वाळू टाका, ती मांजरं आपोआप वापरतात, आणि विष्ठा रोज काढा. विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू गरोदर बायकांच्या बाबतीत काळजीचा असतो. बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई हाच उपाय. ती हातमोजे घालून, गरोदर नसलेल्या माणसाने करावी.

चौथी पायरी: नसबंदी

भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गाभणकाळ ६३ ते ६५ दिवसांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. “अजून लहान आहे, बघू नंतर” असं म्हणेपर्यंत ती व्यायलेली असते. आपल्याकडे पिल्लं वर्षभर होऊ शकतात, पण दिवस मोठा होऊ लागला की जोर चढतो. संक्रांतीच्या आसपास रात्री कौलांवर बोके ओरडायला लागतात ना, ती त्याचीच खूण. म्हणून दिवाळी झाली की कामाला लागा आणि संक्रांतीपर्यंत जितक्या होतील तितक्या भाट्या उरका. पैसे कमी असतील तर भाट्या आधी, बोके नंतर. गणपतीचे दहा दिवस काहीही ठरवू नका. ढोल, गर्दी आणि बंद रस्ते यांत ना मांजर सापडत ना रिक्षा.

डॉक्टर ठरवताना तीन गोष्टी विचारा: न माणसाळलेलं मांजर पिंजऱ्यातूनच भूल देऊन हाताळाल का, टाके आपोआप विरघळणारे घालाल का, आणि भुलेत असतानाच डाव्या कानाचं टोक कापाल का. तिसरी गोष्ट टाळायची नाही. सुरुवातीला आमच्याकडच्या एका करड्या भाटीचा कान कापायचं राहून गेलं होतं. दोन वर्षांनी शेजारच्या आळीतल्या मुलांनी तिला पकडून दुसरीकडे नेलं आणि तिचं पोट पुन्हा उघडलं गेलं. आत काढण्यासारखं काही नव्हतं. ती जगली, पण त्यानंतर कधी कुणाच्या जवळ आली नाही. सेंटिमीटरभर टोक कापलं असतं तर हे झालं नसतं. रेबीजची लसही त्याच वेळी देऊन घ्या. पुन्हा हातात कधी येईल सांगता येत नाही.

पकडायला आत पाय पडला की दार खाली येणारा जाळीचा पिंजरा लागतो. तो आणल्या आणल्या लावू नका. दार सुतळीने वर बांधून ठेवा आणि चार-पाच दिवस रोजचं खाणं पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग थोडं आत, मग अगदी मागच्या टोकाला ठेवा. तळाला वर्तमानपत्र पसरा, कारण जाळीवर पाय ठेवायला मांजर कचरतं. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आळीतल्या सगळ्यांनी खाणं बंद ठेवायचं. सगळ्यांनी! एका माणसाने कनवाळूपणे टाकलेला पोळीचा तुकडा तुमची आख्खी पहाट वाया घालवतो. पहाटे साडेपाचला सुतळी सोडून आत भाजलेला बांगडा किंवा वासाला सुकट ठेवा, चिमूटभरच. भूल द्यायची असल्याने पोट रिकामं हवं, आणि खाल्लं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. चार महिन्यांखालच्या पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

दार पडलं की मांजर उसळ्या मारतं. जाडसर चादर लगेच पूर्ण पिंजऱ्यावर टाका. अंधार झाला की अर्ध्या मिनिटात ते शांत होतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी थक्क झाले होते. चादर घरची, धुतलेली, वास न येणारी घ्या. एका पिंजऱ्यात एकच मांजर. पोत्यात, पिशवीत, खोक्यात नेऊ नका; आणि ‘जरा बघू’ म्हणून पिंजऱ्याचं दार किलकिलं करू नका.

पिल्लं असलेली भाटी सापडली तर? वहीतली तारीख इथे उपयोगी पडते. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असतील तर तिला तिथेच सोडून द्या. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की मात्र एक दिवसही थांबू नका, नाहीतर पुढची खेप पोटात आलेलीच असेल.

शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एक रात्र, भाटीला तीन-चार रात्री बंद खोलीत ठेवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खाणं-पाणी नाही. भूल उतरताना मांजराला थंडी वाजते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पुण्याच्या रात्रीत पिंजऱ्याखाली फरशी उघडी ठेवू नका, पोतं किंवा पुठ्ठा घाला. जखम रोज लांबूनच बघा: सूज, लाली, ओल नको. मग जिथून उचललं तिथेच, त्याच कोपऱ्यात, सकाळच्या खाण्याच्या वेळेला दार उघडा. बहुतेक मांजरं बाणासारखी सुटतात आणि दोन दिवस दिसत नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटलीवर येतात. बोक्याच्या बाबतीत लक्षात ठेवा, नसबंदीनंतरही काही आठवडे त्याच्यापासून भाटी गाभण राहू शकते.

पिल्लं सापडली तर

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात, आणि ते अनुभवातून आलेलं आहे. जागा असुरक्षित वाटली की ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. त्यामुळे जिन्याखाली एकटं पिल्लू दिसलं म्हणजे ते अनाथ आहे असं नाही. आई बहुधा दुसऱ्याला पोचवायला गेलेली असते. हात लावू नका, लांब जाऊन तासन्‌तास लक्ष ठेवा. तुम्ही जवळ उभे असाल तर ती येणारच नाही.

पिल्लू गार पडलंय, सतत ओरडतंय, अंगावर मुंग्या आहेत, तर मात्र उचला. आधी ऊब, नंतर खाणं. हा क्रम चुकला तर पिल्लू दगावतं, कारण गार अंगात दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गाईचं दूध चालत नाही, मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. पाजताना पिल्लू पालथं असू द्या, आईला पितं तसं; बाळासारखं उताणं धरलंत तर दूध फुप्फुसात जाईल. तीन-चार आठवड्यांखालच्या पिल्लाला स्वतः शी-शू करता येत नाही, दर वेळी कोमट ओल्या कापसाने हलकेच पुसावं लागतं.

पिल्लू घर मिळण्याजोगं व्हायचं असेल तर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्याला माणसाचा हात लागायला हवा. त्यानंतर अवघड जातं.

विष आणि आजार

पेठेत सगळ्यात जास्त मांजरं आजारी पडतात ती फिनेलने, असं माझं निरीक्षण आहे. काळं फिनेल ओतून चौक धुतला, मांजर त्यावरून चाललं, आणि मग पंजे चाटत बसलं. फिनॉलसारख्या रसायनांचं विष मांजराच्या यकृताला उतरवता येत नाही. मोलकरीण मावशींना एक साबणाची बाटली आणून द्या आणि कारण समजावून सांगा, त्या ऐकतात. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते; ताप दिसला म्हणून माणसाची कुठलीही गोळी देऊ नका. कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका, झटके येतात. उंदरांसाठी लावलेले चिकट पुठ्ठे आणि विषाच्या वड्या कुठे आहेत याची दुकानदारांकडे चौकशी करून ठेवा.

पिल्लं एकापाठोपाठ उलट्या-हगवण होऊन मरायला लागली तर पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची शंका घ्या. हा विषाणू जागेत वर्षभर टिकू शकतो. साध्या साबणाने जात नाही. एक भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. त्या जागी लस न टोचलेलं नवं पिल्लू आणू नका.

मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद-चुना लावू नका. इंजेक्शनं डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना पूर्ण करा. नियमित पिंजरा लावणार असाल तर आधीच रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन ठेवा.

वाडा पाडायला निघतो तेव्हा

याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि पेठेत राहणाऱ्यांना हे आज ना उद्या करावं लागतं. वाडा बिल्डरकडे जातो, बिऱ्हाडकरू निघतात, मांजरं राहतात. दिंडी दरवाज्याला कुलूप लागलं तरी ती आत असतात, कारण माळे, बळदं आणि लाकडी जिन्याखालची पोकळी ही त्यांची बाळंतिणीची खोली असते. जेसीबीचा पहिला आवाज झाला की मोठी मांजरं पळतात. पिल्लं पळू शकत नाहीत.

तारीख कळताच, किमान तीन आठवडे आधी, खाण्याची ताटली हलवायला लागा. रोज चार-पाच हात, त्याहून जास्त नाही. शेजारच्या वाड्याच्या परसापर्यंत किंवा जिथे परवानगी मिळाली आहे तिथपर्यंत. त्या वाड्यातल्या भाट्यांची नसबंदी सगळ्यांच्या आधी करा. मुकादमाला भेटा, चहा पाजा, आणि एवढंच मागा: पाडायला सुरुवात व्हायच्या दिवशी सकाळी सहा वाजता अर्धा तास आत फिरू द्या. आम्ही दोघं-तिघं बॅटऱ्या घेऊन जातो. आधी माळे, मग बळदं, मग रचलेली कौलं. एकदा एका रिकाम्या घराच्या माजघरात, देवाच्या कोनाड्यात, विसरून राहिलेल्या लाल कापडावर चार पिल्लं मिळाली. डोळे नुकते उघडले होते, म्हणजे आठ-दहा दिवसांची. त्यांना खोक्यात घालून शेजारच्या पडवीत ठेवलं आणि आम्ही बाजूला झालो. आई समोरच्या भिंतीवरून सगळं बघत होती. दुपारपर्यंत तिने चारही हलवली.

“टेकडीवर सोडून येऊ” हा सल्ला याच वेळी मिळतो. ऐकू नका. अनोळखी जागी सोडलेलं मांजर पाणी, आडोसा काहीच शोधू शकत नाही, तिथली मांजरं आणि कुत्री त्याला टिकू देत नाहीत. आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत, उंदीर आणि उकिरडा तसेच असल्याने, दुसरी मांजरं येतात, नसबंदी न झालेली.

पैसे आणि वही

पैशांचा हिशेब त्याच वहीच्या मागच्या पानांवर, पावत्या चिकटवून, आणि तो कुणालाही केव्हाही दाखवायचा. महिन्याला दहा घरांनी थोडे-थोडे दिले तर खाणं निघतं. शस्त्रक्रियांसाठी वेगळं मागा, एका मांजराचं नाव घेऊन. माणसं ‘मांजरांसाठी’ देत नाहीत तितकं ‘बायडीसाठी’ देतात.

गावाला जाल, आजारी पडाल. त्या दिवसांसाठी कुणीतरी हवं, आणि त्याला वही वाचून काम करता यायला हवं. जाण्याआधी दोन दिवस त्याला बरोबर घेऊन फिरा. मी गेल्या मे महिन्यात कोकणात गेले तेव्हा इस्त्रीवाल्यांच्या मुलासाठी शेवटच्या पानावर लिहिलं होतं: सकाळी सहा, संध्याकाळी सात, हौदाजवळ. अर्ध्या तासाने ताटल्या उचलणे. आजींची वाटी चौकात आठवणीने भरणे. करडी जवळ येणार नाही, तिचा वाटा जोत्यावर ठेवून मागे होणे. बायडीला उजव्या डोळ्याने दिसत नाही, ताटली तिच्या डाव्या बाजूने सरकवणे.